पाटे उतरवल्यावर मागचा एक्सल कुठे बसवून घ्यावा : धुळे, पारोळा रोड

माझ्या पिकअपचा आधीचा मालक खडी वाहायचा. मागच्या चाकांवर त्याने जादा पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) भरून ठेवलेले. मी दोंडाईच्याहून सुकी मिरची नेतो. मिरचीच्या पोत्यांनी गाडी शिगोशीग भरली तरी वजन ते काय? मागचा भाग नुसता उडायचा. म्हणून जादा पाटे काढून गाडी कंपनीच्या उंचीवर आणली.

उतरली झकास, पण हायवेला सरळ जायचं तर स्टिअरिंग डावीकडे वळवून धरावं लागायचं. मागून मोटारसायकलवर येणारे म्हणायचे, गाडी तिरकी पळते. कॉम्प्युटर अलाइनमेंटवाल्याने पुढच्या चाकांचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) जुळवला, हिरव्या आकड्यांचा कागद हातात दिला आणि सांगितलं, ‘मागे सेटिंग नसतंच.’ अखंड हाउसिंगच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकाच नळीच्या) एक्सलला सेटिंगचा बोल्ट नसतो हे खरं. पण एक्सल मुळात वाकडा बसला असेल तर?

शेवटी धुळ्यात पारोळा रोडच्या एका गॅरेजवर गेलो. तिथे धड पाटीही नाही. मिस्तरींनी गाडी खाली-वर न करता आधी सपाट फरशीवर उभी केली. चॅसिसचे कर्ण मोजले, ते बरोबर आले, म्हणजे सांगाडा वाकडा नव्हता. मग दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या पिनेपासून आणि हबच्या मध्यापासून ओळंबा सोडून खडूने खुणा केल्या. डावं चाक ११ मिमी मागे! दोन चाकांत साधारण १४०० मिमी अंतर, म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. ‘भाऊ, पुढलं सोड. मांगला एक्सलच वाकडा बठेल शे.’

कारण उघडल्यावर दिसलं. पाटे कमी झाले की थप्पी पातळ होते, पाट्यांची थप्पी एक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट लांब पडतात. नट आटे संपतात तिथे जाऊन अडतो. पान्याला घट्ट लागतो, पण एक्सल आवळला जातच नाही. त्यात पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या गादीतल्या भोकात बसलेलं नव्हतं. त्यांनी नवे आखूड यू-बोल्ट आणि योग्य डोक्याचा सेंटर बोल्ट टाकला, गाडी चाकांवर उतरवून वजन आल्यावरच शेवटचं आवळलं, तेही फुलीत, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले नट आळीपाळीने. पुन्हा मोजलं तेव्हा फरक एका मिलिमीटरच्या आत.

मधला फिरता शाफ्ट जिथे जोडतात त्या गिअरबॉक्सच्या आणि पिनियनच्या (मागच्या एक्सलच्या) फ्लँजला कोन मोजायचं अँगल गेज लावून पाहिलं. दोन्ही समांतर निघाले, तर वेज (कोन जुळवायची पाचर) टाकायची गरज नाही म्हणाले. दुसऱ्या कुणी हमखास विकली असती. वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडीही त्यांनीच जुळवली. हे मला ठाऊकच नव्हतं: चॅसिस खाली आली की व्हॉल्व्हला गाडी भरलेली वाटते, मग रिकाम्या गाडीची मागची चाकं जोरात ब्रेक मारला की लॉक होतात.

स्टिअरिंग आता सरळ. पुढच्या टायरची एक कड आधीच खाल्ली गेलीय, ती काही परत येणार नाही.

तक्रारी आहेत. सकाळी गेलात तर संध्याकाळ होते, बसायला एक जुना टायर, बिल मागाल तर वहीचं पान फाडून देतात. यू-बोल्ट स्टॉकमध्ये नसतात, माप देऊन बनवून आणावे लागतात, त्यामुळे आदल्या दिवशी सांगून जा. काही शे किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळायला बोलावतात, त्याचे पैसे घेत नाहीत. मात्र गाडी रिकामी न्या; भरलेली असली तर हात लावत नाहीत.