हळदीच्या पेठेत चौदा महिने वापरलेलं गेमिंग मशीन

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात घेतलं. हातात धरून खेळायचं मशीन, चार इंची स्क्रीन, वजन अडीचशे ग्रॅमच्या जरा वर, किंमत सहा हजारांच्या आतबाहेर, रंग जुन्या कॉम्प्युटरसारखा फिकट क्रीम. रंग निवडताना डोकं चाललं नाही, कारण मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीत अशी मशीन्स ढिगाने मिळतात आणि उघडली तर आत बरीचशी सारखीच निघतात.

घेण्याआधी मला एकच धास्ती होती, पडलं तर काय. चौदा महिन्यांत ते चारदा पडलं.

पहिल्यांदा गादीवरून खाली, शहाबादी फरशीवर. सौदा सुरू झाल्याची हाक आली, मी ताडकन उठलो, मांडीवरचं मशीन गेलं कोपऱ्यावर. ओरखडा उठला, बाकी काही नाही. पोती उचलणारा आमचा एक हमाल म्हणाला, "काय वो दिवाणजी, पोराचं खेळणं व्हय? गोणपाटाचा अंगरखा शिवा की त्याला." दुसऱ्यांदा मिरज रोडला, विश्रामबागच्या अलीकडे, स्पीडब्रेकरवर पिशवीच्या वरच्या कप्प्यातून उडालं आणि डांबरावर हातभर घसरत गेलं. मागची बाजू खरवडली. चालू मात्र झालं. तिसऱ्यांदा घराच्या जिन्यात, तोंडावर. त्याबद्दल पुढे सांगतो. चौथ्यांदा मुलाच्या हातून अंगणातल्या खडीवर. तेव्हा स्क्रीनवरची दीडशे रुपयांची टेम्पर्ड काच गेली, खालची वाचली. हे मशीन घेणाऱ्याने ती काच पहिल्या दिवशीच लावावी, याहून स्वस्त विमा नाही.

इतकं पडून ते टिकलं, यात कंपनीच्या कौतुकापेक्षा वजनाचा हात मोठा आहे. माझ्या भाच्याकडे पुण्यात सात इंची मोठं मशीन आहे, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. ते कॉटवरून, म्हणजे जेमतेम दोन फुटांवरून पडलं आणि कोपऱ्यापासून काच कोळ्याच्या जाळ्यासारखी फुटली. "मामा, तुझं डांबरावर लोळून आलं तरी चालतंय, आणि माझं गादीशेजारी मेलं," असं तो अजून ऐकवतो. उंची सारखी असेल तर फरशीवर आदळतानाचा वेगही सारखाच, पण अडीचपट वजन म्हणजे आदळण्याची ताकद अडीचपट. ती सगळी कोपऱ्यातल्या बोटभर जागेत जिरवायची. शिवाय स्क्रीन मोठी, कडेची चौकट बारीक. डिस्प्ले बदलायचा खर्च त्याला नव्या मशीनच्या निम्म्याने सांगितला. तो आता कपाटात आहे, म्हणजे मशीन, भाचा हॉस्टेलवर.

पडण्याच्या टिकाऊपणाची गोष्ट निघाली की कुणीतरी गेम बॉयचा दाखला देतोच. 1989 सालचा निन्टेंडो कंपनीचा गेम बॉय, हातात धरून खेळायचंच मशीन, आखाती युद्धात जळून वितळलेला, तरी चालणारा. कंपनीच्या न्यूयॉर्कच्या दुकानात तो बरीच वर्षं काचेत मांडून ठेवला होता. गोष्ट खरी आहे. पण त्यात अंगठ्याने चहूकडे फिरवायची स्टिक नव्हती, टचची काच नव्हती, लिथियम बॅटरी नव्हती. चार पेन्सिल सेल घालायचे आणि बटणं दाबायची. आज जे जे बिघडतं, त्यातलं निम्मं त्यात मुळात नव्हतंच.

माझं बिघडलं ते स्टिकपासून. सातव्या महिन्यात गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालू लागला. याला ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकच्या बुडाशी दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचे तसेच. कार्बनच्या पट्टीवर धातूची जिभळी घासत फिरते. पट्टी झिजली, भुकटी साचली की रेडिओ खरखरायचा. इथे खरखर ऐकू येत नाही, माणूस चालू लागतो. जिन्यात मशीन पडलं ते नेमकं डाव्या स्टिकवर, त्यामुळे मी आधी पडण्यालाच दोष दिला. पण महिन्याभरात, कधीही न आपटलेली उजवी स्टिकही तेच करू लागली. म्हणजे खरं कारण झीजच. हा रोग स्वस्त मशीनपुरता नाही. निन्टेंडोच्या स्विच मशीनच्या दोन बाजूंना जे कंट्रोलर लागतात, त्या जॉय-कॉनवरून इतकी बोंब झाली की जून 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी, शुंतारो फुरुकावा यांनी, ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली.

उपाय म्हणजे हॉल इफेक्ट स्टिक. त्यात लोहचुंबक आणि सेन्सर, घासणारं काही नाही, त्यामुळे तिथे झीज नाही. (जून 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 मध्येही त्या नाहीत, हे मला अजून पटलेलं नाही.) मी ऑनलाइन जोडी मागवली, बाराशे रुपये. आमच्याकडच्या मोबाइल रिपेअरवाल्याने "असलं आपण करत नाय" म्हणून हात वर केले, तेव्हा रविवारी स्वतःच बसलो. सोल्डरिंग लागलं नाही. स्टिकला बोर्डाशी जोडणारी बोटाच्या पेराएवढी चपटी केबलची पट्टी असते, तिच्या कनेक्टरची काळी झडप नखाने वर उचलायची, पट्टी काढायची, नवी सरकवायची, झडप दाबायची. झडप तुटली तर बोर्डच गेला, म्हणून त्या दोन मिनिटांत मी पंखासुद्धा बंद केला होता. नंतर सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या स्टिकची मधली जागा मशीनला ओळखून द्यायची. पाच महिने झाले, माणूस उभा आहे तिथे उभा राहतो.

उघडल्यावर दुसरी गोष्ट दिसली. डांबरावर पडलं तेव्हा आत स्क्रू बसायची प्लास्टिकची नळी उभी चिरली होती. खालचा कोपरा दाबला की करकरायचा, तो यामुळे. अशा मशीनमध्ये स्क्रू थेट प्लास्टिकमध्येच आटे पाडत जातो, त्यामुळे दोन-तीनदा उघडलं की पकड संपते. वाल्व कंपनीने स्टीम डेक या हातात धरायच्या मोठ्या मशीनच्या 2023 च्या ओलेड स्क्रीनवाल्या मॉडेलात मागच्या झाकणाचे स्क्रू धातूत बसवले, ते उगाच नाही. माझ्या नळीला मी दोऱ्याचे वेढे देऊन फेविक्विक सोडलं. धरलंय.

आता हळद. सीझनला यार्डात हवेतच पिवळी धूळ असते. हळकुंडात हात घालून माल बघायचा, कणी चोळून पाहायची आणि त्याच बोटांनी नंतर बटणं दाबायची. मार्चअखेर मशीन जिथे हात टेकतात तिथे पिवळं झालं आणि चार दिशांच्या बटणाभोवती केशरी कड आली. पुढे वरची दिशा दाबली तरी लागेना, कारण धूळ खालच्या रबरी पडद्याच्या कार्बन टिकल्यांवर बसली होती.

पहिल्यांदा मी ओल्या फडक्याने पुसलं, डाग पसरला. मग साबण लावला आणि तो लालसर झाला! हळदीला चुना लावून कुंकू करतात हे लहानपणापासून माहीत असलेला माणूस हे करतो, यावर काय बोलायचं. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून रबर आणि टिकल्या पुसल्या, बटण ठणठणीत झालं. पण प्लास्टिकमध्ये मुरलेला डाग तसाच राहिला. तेव्हा आई म्हणाली, "अरे, हळदीचा डाग उन्हात घालतात, धुत बसतात का?" बरोबर होतं. ऊन हळदीचा रंग मारतं. फक्त अख्खं मशीन गच्चीवर ठेवू नका, एप्रिलच्या उन्हात बॅटरीचं वाटोळं होईल. मी बॅटरी, बोर्ड सगळं काढून रिकामी कवचं तेवढी चार दिवस घातली. आठ आणे डाग गेला. जास्त दिवस ठेवलं नाही, उन्हाने प्लास्टिक कडकडीत होतं आणि मग पडल्यावर तडकतं.

बाकीचं थोडक्यात. सोबत आलेलं मेमरी कार्ड तिसऱ्या महिन्यात मेलं, सेव्ह केलेलं सगळं गेलं. पहिल्याच दिवशी चांगलं कार्ड घ्या. बॅटरी सहा तास चालायची, आता साडेचार. खांद्याची बटणं जरा टिकटिकतात. चार्जिंगची पिन ढिली झाली म्हणून नवा पोर्ट टाकायला निघालो होतो. टॉर्च मारून बघितलं तर आत खिशातला कापूस आणि हळद ठासून बसलेली. मशीन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच कोरलं, पिन पुन्हा खट्कन बसली. सुई वापरू नका, आतले पाय वाकतात.

परत घेईन का? हेच घेईन, काळ्या रंगात. साठ हजारांचं मोठं मशीन मी यार्डात नेणार नाही. ते घरी बसून खेळणाऱ्यांचं आहे आणि भाच्याचं बघितल्यावर तर घरीसुद्धा जपूनच.

त्या हमालाने शेवटी मनावर घेतलं. फाटक्या बारदानाचा तुकडा दुमडून दाभणाने सुतळीची टीप मारली आणि अंगरखा आणून दिला. आत मी जुन्या बनियनचं अस्तर लावलंय. बारदानाचे तंतू तेवढे चार्जिंगच्या भोकात जातात, म्हणून टूथपिक खिशातच असतं.