चिठ्ठी, तिकीट की घड्याळ? सरकारी गरम पाण्याच्या स्नानगृहांची तुलना

गरम पाण्याच्या झऱ्यावर जायचं ठरलं की माणूस आधी फोटो बघतो. वाफाळतं पाणी, पांढरे पंचे, मागे डोंगर. फोटोत सगळी ठिकाणं सारखीच दिसतात. खरा फरक कळतो तो प्रवेशाच्या नियमांतून: आत कोणाला घेतात, किती वेळ बसू देतात, अंगावर काय चालतं, डॉक्टरांची चिठ्ठी लागते की नुसतं तिकीट. सरकार, नगरपालिका किंवा सरकारी विमा यांच्या आधाराने चालणाऱ्या जागांत तर हे नियमच जागेचा स्वभाव सांगतात. चिठ्ठी मागणारी जागा उपचार करते, तिकीट मागणारी आंघोळ घालते आणि काहीच न मागणारी घड्याळाकडे बोट दाखवते.

घड्याळवाल्या जागेपासूनच सुरुवात करू, कारण तिथला हिशेब सर्वांत सोपा आहे.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात थर्मोपोलिस नावाचं गाव आहे. १८९६ साली शोशोनी आणि अरापाहो या जमातींशी करार करून सरकारने इथली झऱ्यांची जमीन घेतली. हे पाणी सर्वांना फुकट मिळत राहावं, हा शोशोनींचे प्रमुख वॉशाकी यांचा आग्रह होता असं सांगतात. राज्य सरकारचं स्नानगृह आजही पैसे घेत नाही. मोठ्या झऱ्याचं पाणी ५७ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, ते निववून हौदात साधारण ४० अंशांवर ठेवतात. पंचा किंवा पोहण्याचे कपडे विसरलात तर किरकोळ भाड्याने मिळतात. अट एकच: वीस मिनिटं. त्यानंतर बाहेर.

ही वीस मिनिटं गर्दी आवरण्यासाठी आहेत असं वाटतं. थोडीफार असतीलही, पण मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. ४० अंशांच्या पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, रक्तदाब उतरतो, हृदय जोराने चालू लागतं. बसलेल्या माणसाला यातलं काही जाणवत नाही. कळतं ते उठताना, पायरीवर पाय ठेवल्यावर डोळ्यांपुढे काळोखी येते तेव्हा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर जास्तच. म्हणून ज्या ठिकाणी ‘हवं तितका वेळ बसा’ असं लिहिलेलं असतं, तिथे आपलं घड्याळ आपणच लावावं लागतं. वाटेत थांबून पाय शेकायचे असतील, प्रवासाचा शीण घालवायचा असेल, तर थर्मोपोलिससारखी जागा उत्तम. मुलांना घेऊन अर्धा दिवस काढायचा असेल तर इथे येऊ नका, पोरं अंग ओलं होईतो बाहेर निघायची वेळ होईल.

अमेरिकेतलंच दुसरं ठिकाण म्हणजे आर्कान्सा राज्यातलं हॉट स्प्रिंग्ज. याचा इतिहास नियमांच्या अंगाने फार बोलका आहे. केंद्र सरकारने १८३२ मध्येच हे झरे राखून ठेवले आणि १९२१ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. एके काळी इथे सरकारचं फुकट स्नानगृह होतं, ते फक्त गरिबांसाठी. आणि गरीब कोण, हे नुसतं सांगून भागत नसे. १९११ च्या कायद्याने अट घातली, की पैसे देण्याची ऐपत नाही आणि ती कुठून उभीही करता येत नाही, अशी शपथ अधिकाऱ्यासमोर घ्यायची. शिवाय आजार असा हवा, की या पाण्याने त्याला उतार पडेल. खोटी शपथ घेतली तर २५ डॉलरपर्यंत दंड किंवा ३० दिवसांची कैद, किंवा दोन्ही. आंघोळीसाठी तुरुंग! पण त्यामागचा विचार समजून घेतला पाहिजे. त्या काळी हे पाणी औषध मानलं जात होतं आणि फुकट औषध वाटताना सरकार जशी कागदपत्रं मागतं तशीच इथेही मागत होतं.

ते फुकट स्नानगृह केव्हाच बंद झालं. आज इमारती सरकारच्या, चालवणारे खासगी, अशी व्यवस्था आहे. उघड्या झऱ्यात उतरायला मनाई आहे. पाणी नळाने स्नानगृहांत येतं, आणि प्यायचं असेल तर सार्वजनिक कारंज्यांवर बाटल्या भरून फुकट नेता येतं. १९१२ पासून चालू असलेल्या बकस्टाफ स्नानगृहात जुनी पद्धत अजून टिकली आहे. पुरुष आणि बायका वेगवेगळ्या मजल्यांवर. कपडे काढून चादर गुंडाळायची आणि सेवक नेईल तिकडे जायचं. आधी एकट्याच्या टबात घुसळणारं गरम पाणी, मग कंबरेपुरतं बसायचं छोटं टब, मग वाफेचं एक कपाट, ज्यात माणूस बसलेला असतो आणि बाहेर फक्त मुंडकं दिसतं. त्यानंतर गरम फडक्यांचा शेक आणि शेवटी चहूकडून सुईसारख्या धारा. दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. इथे तुम्हाला काही ठरवावं लागत नाही, वेळही सेवकच बघतो. ज्यांना टबात उतरताना आणि चढताना कुणाचा तरी हात लागतो त्यांच्यासाठी हा मोठा फायदा आहे. उलट, सोबत आलेल्या नवऱ्याशी किंवा बायकोशी गप्पा मारत पाण्यात बसायचं असेल तर त्याच रांगेतलं क्वापॉ स्नानगृह निवडा. तिथे पोहण्याचे कपडे घालून सगळे एकत्र हौदात बसतात.

आता चिठ्ठीवाला देश. गुडघे, कंबर, जुना संधिवात अशा तक्रारी घेऊन जे ‘काही उपयोग होईल का’ असं विचारत असतात त्यांनी फ्रान्सची पद्धत समजून घ्यावी. तिथे जायचं नसलं तरीही. खरा उपचार म्हणजे काय, याचं माप तिथून मिळतं.

फ्रान्समधली बहुतेक स्नानगृहं आज खासगी आहेत. पण सरकारी आरोग्य विमा उपचाराचा खर्च उचलतो, त्यामुळे नियम विम्याचे चालतात. पूर्ण उपचार म्हणजे १८ दिवस. रविवार सोडून तीन आठवडे. त्यापेक्षा कमी दिवस गेलात तर विमा तो उपचार धरत नाही. वर्षातून एकदाच. आधी तुमच्या डॉक्टरांनी लिहून द्यायचं, कोणत्या तक्रारीसाठी आणि कोणत्या गावात तेही त्यातच. विम्याची मंजुरी आली की गावात पोचल्यावर तिथल्या झऱ्याच्या डॉक्टरांना भेटायचं, कारण रोज काय काय करायचं हे ते ठरवतात: चिखलाचा लेप, पाण्याची धार, टब, पाण्यातले व्यायाम. संधिवाताच्या उपचारात साधारण रोज चार, म्हणजे एकूण ७२. मध्ये एकदा आणि शेवटी एकदा पुन्हा तपासणी. उपचारांच्या ठरलेल्या दराच्या ६५ टक्के विमा देतो. राहण्याजेवण्याचं बहुतेकांना स्वतःच बघावं लागतं.

दाक्ससारख्या गावात, जिथे मध्यवर्ती कारंज्यातूनच सुमारे ६४ अंशांचं पाणी वाहतं, माणसं या १८ दिवसांसाठी वर्षानुवर्षं येत असतात. बाहेरच्या देशातून येणाऱ्यांना विमा लागू नाही, पण स्वतःच्या खर्चाने करता येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दोन-चार दिवसांचे छोटे कार्यक्रमही विकले जातात. ते आरामाचे आहेत. त्यांना उपचार म्हणू नये आणि घरी परतल्यावर ‘पाण्याने काही फरक पडला नाही’ अशी तक्रारही करू नये.

तीन आठवडे सुट्टी काढता येते त्यांच्यासाठी हे सर्वांत प्रामाणिक गणित आहे. बाकीच्यांसाठी अवघड.

मधला रस्ता हंगेरीत दिसतो. हेव्हीझ इथे ४.४ हेक्टरचं गरम पाण्याचं तळं आहे. झरा तळाशी, साधारण ३८ मीटर खोल. हिवाळ्यातही पाणी सहसा २२ अंशांखाली जात नाही. तळ्याचं स्नानगृह आणि काठावरचं सांधेदुखीचं रुग्णालय एकाच संस्थेचा भाग आहे, त्यामुळे एकाच पाण्याला दोन दारं झाली आहेत. पहिल्या दाराने तिकीट काढून आत जायचं. पाणी खोल म्हणून पुष्कळजण काखेत रबरी कडं अडकवून तरंगत असतात, न हलता, न बोलता. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त न राहण्याचा सल्ला दिलेला असतो, पण तो तुम्ही पाळावा अशी अपेक्षा असते, कोणी उठवायला येत नाही.

दुसऱ्या दाराने डॉक्टरांच्या तपासणीशिवाय पुढे जाता येत नाही. तिथल्या एका उपचारात माणसाला मानेच्या पट्ट्याने पाण्याच्या टाकीत उभं टांगतात, कंबरेला वजनं बांधतात आणि पाठीचा कणा हळूहळू ताणला जाऊ देतात. ही पद्धत हेव्हीझचेच डॉक्टर कारोय मोल यांची. हे तिकिटावर का मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको. हंगेरीच्या सरकारी विम्यात तज्ज्ञ डॉक्टरांनी लिहून दिल्यास वर्षातून दोनदा, प्रत्येकी १५ वेळांचा स्नानोपचार सवलतीत मिळतो. पाहुण्यांना ती सवलत नाही, पण दोन्ही दारं उघडी आहेत. पाठदुखी आहे, पण मुख्य हेतू सुट्टीच आहे, अशांना मी हेच ठिकाण सुचवेन. दोन दिवस तळ्यात तरंगा, तिसऱ्या दिवशी वाटलं तर डॉक्टरांना भेटा.

बुडापेस्टची नगरपालिकेची स्नानगृहं मात्र मी या हिशेबात धरत नाही. सेचेन्यी स्नानगृहाचे १९१३ सालचे पिवळे महाल बघण्यासारखे आहेत, जरूर बघा, पण गर्दीत दुखरा गुडघा घेऊन जाऊ नका. गेलात तर लांबलचक पोहण्याच्या तलावात टोपीशिवाय उतरू देत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. आणि तिथलंच गेलेर्त स्नानगृह दुरुस्तीसाठी २०२५ च्या ऑक्टोबरात बंद झालंय, जुने लेख वाचून तिकडे चालत जाऊ नका.

राहिला जपान. इथे चिठ्ठी कोणी मागत नाही, घड्याळही कोणी लावत नाही, पण नियम सर्वांत जास्त. १९४८ च्या कायद्यानुसार जमिनीतून येणारं पाणी २५ अंश किंवा त्याहून गरम असेल, किंवा ठरवलेल्या १९ घटकांपैकी एक तरी पुरेसा असेल, तरच त्याला ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचा झरा, म्हणता येतं. पाण्यात काय आहे आणि कोणत्या आजारात उतरू नये याची पाटी लावणं बंधनकारक आहे. पाण्याची तपासणी दहा वर्षांतून एकदा पुन्हा करावी लागते. म्हणजे सरकार माहिती भिंतीवर लावतं आणि निर्णय तुमच्यावर सोडतं. जपानी वाचता येत नसेल तर ती पाटी फोनवर भाषांतर करून घ्या, शोभेची नाही ती.

बेप्पू शहरातलं ताकेगावारा हे नगरपालिकेचं स्नानगृह १८७९ सालचं, आजची लाकडी इमारत १९३८ ची. आत चकचकीत काही नाही. काही पायऱ्या उतरून खाली हौद, कडेला बादल्या. शॉवर नाही. हौदातलंच पाणी बादलीने घेऊन आधी अंग नीट धुवायचं, मग आत. पोहण्याचे कपडे चालत नाहीत, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. साबण-पंचा आपला आपण न्यायचा. पाणी बऱ्यापैकी चटका देणारं असतं. शेजारीच वेगळ्या तिकिटावर वाळूचं स्नान आहे: सुती अंगरखा घालून आडवं व्हायचं आणि तिथल्या बायका फावड्याने गरम वाळू गळ्यापर्यंत ओढतात. दहा-पंधरा मिनिटं. वाळूचं वजन छातीवर जाणवतं, म्हणून दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी हे टाळावं.

अंगावर गोंदण असेल तर जपानमध्ये बऱ्याच खासगी ठिकाणी प्रवेश नाकारतात. नगरपालिकेची स्नानगृहं याबाबत तुलनेने सैल असतात, तरी दारावर विचारून घ्या. लहान मुलगा आईबरोबर बायकांच्या बाजूला जाऊ शकतो का, याची मर्यादा आधी साधारण दहा वर्षं होती, २०२० मध्ये सरकारी मार्गदर्शनात ती सातवर आणली. गरोदर बायकांच्या बाबतीत देशोदेशी एकमत नाही. जपानने २०१४ मध्ये गरोदरपण निषिद्ध यादीतून काढून टाकलं, अमेरिकेत गरम टब टाळण्याचाच सल्ला देतात. इथे पाटीपेक्षा आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

काही गोष्टींबाबत मात्र सगळीकडे एकच उत्तर आहे. ताप, उघडी जखम, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, आटोक्यात नसलेला रक्तदाब, सुजून लाल झालेला सांधा: यांपैकी काहीही असेल तर कोणत्याच पाण्यात उतरू नका. दारू पिऊन तर नाहीच. पाणी झऱ्याचं असो की कुठलंही, डोकं पाण्याखाली घालू नये.

आणि ज्यांच्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप चाललाय, त्यांनी तिकीट काढण्याआधी एक फोन करावा. हौदात उतरायला पायऱ्या किती, कठडा आहे का, असल्यास उजवीकडे की डावीकडे, एवढंच विचारावं. वयाची अट, वेळेची अट, कपड्यांची अट, सगळं पाटीवर लिहिलेलं असतं. कठड्याबद्दल कोणी लिहीत नाही.