टायटॅनियमची क्लिप काढून पत्र्याची बसवली: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा घडीचा चाकू खिशात बाळगायला लागून बरेच महिने झाले. पातं चोख, लॉक घट्ट. लिहायचंय ते चाकू खिशाच्या काठाला अडकवणाऱ्या क्लिपबद्दल, कारण चाकू उघडतो त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा तो खिशात जातो-येतो, आणि दर वेळी गाठ पडते ती क्लिपशीच.

सोबत आलेली क्लिप टायटॅनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली होती. दिसायला देखणी, पण जाड जीन्सच्या काठावर चढायला तयार नाही आणि पातळ सुती पँटवर ढिली. क्लिप एका टोकाला स्क्रूने धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. टायटॅनियम मुळात पोलादाच्या जवळपास निम्मंच ताठ, तरी कोरलेली क्लिप बहुधा इतकी जाड ठेवतात की ती फारशी वाकतच नाही. मग सगळं क्लिप आणि मूठ यांच्यातल्या फटीच्या मापावर येतं, आणि कापड काही एकाच जाडीचं नसतं. मी स्प्रिंग स्टीलच्या पत्र्याची क्लिप बसवली. तिचं टोक आधीपासूनच मुठीवर दाबून टेकलेलं असतं, त्यामुळे दोन्ही कापडं नीट धरते.

तरीही खिशाचा काठ झिजून दोरे निघायला लागले. कारण क्लिपच्या टोकाच्या बरोबर खाली होती जी-१०ची (काचेचं कापड आणि रेझिन यांच्या थरांचा कडक पदार्थ) खरखरीत मूठ. चाकू ओढला की कापड जणू कानशीवर घासलं जायचं. तेवढीच नखाएवढी जागा ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. (पाणी लावून आणि मास्क घालूनच घासा, जी-१०मध्ये काचेचे तंतू असतात.) आता चाकू अलगद निघतो. हे काम खरं तर कारखान्यातच व्हायला हवं. १९८१च्या स्पायडर्को कंपनीच्या ‘वर्कर’ चाकूपासून घडीच्या चाकूंना क्लिप असते, आणि अजूनही महागड्या चाकूंवर ही जागा खरखरीत सोडलेली दिसते, याचं वाईट वाटतं.

पुठ्ठे कापताना क्लिपची कड तळहातात रुतते. पत्र्याच्या कडा बारीक कानशीने मोडल्यावर फरक पडला. याबाबतीत तारेची क्लिप उजवी, तिला कडाच नसतात.

डीप-कॅरी प्रकारात अख्खा चाकू खिशात दडतो, पण ओढायला मूठच उरत नाही. मला बोटभर मूठ वर राहिलेली आवडते.

स्क्रू सैल होतात. निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब पुरतो. मात्र स्क्रूच्या डोक्यावरची टी६ मापाची ताऱ्यासारखी खाच फार नाजूक, जरा मोठे टी८ असते तर बरं झालं असतं. आणि क्लिपची भोकं एकाच बाजूला आहेत, त्यामुळे डावखुऱ्यांनी हा चाकू घेऊ नये.