झुस्टँड: लायब्ररी लहान, पण सिलेक्टर जपून लिहा

लासलगाव, पिंपळगाव आणि नाशिक बाजार समित्यांचे कांद्याचे दर एकाच स्क्रीनवर दाखवायचे असतील, तर रिॲक्ट ॲपची स्टेट (बदलती माहिती) सांभाळायला रिडक्ससारख्या जड लायब्ररीचा संसार थाटायची गरज नाही. त्याच कामाची छोटी लायब्ररी झुस्टँड पुरते. कॉम्प्रेस केल्यावर आकार जेमतेम 1 केबीच्या आसपास, ॲपला बाहेरून गुंडाळणाऱ्या प्रोव्हायडर कंपोनंटची भानगड नाही. 'क्रिएट'ला फंक्शन द्या, हुक (स्टोअर, म्हणजे सामायिक स्टेटचा साठा, कंपोनंटमधून वाचणारं फंक्शन) तयार.

खरी मेख सिलेक्टरमध्ये, म्हणजे स्टोअरमधून हवा तेवढाच भाग निवडणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. हुक नुसता बोलावला तर कंपोनंट अख्ख्या स्टोअरला बांधला जातो, आणि पिंपळगावचा दर हलला की लासलगावची ओळही पुन्हा रेंडर होते. म्हणून प्रत्येक ओळीने फक्त आपल्या समितीचा दर मागावा.

सिलेक्टरमध्येच 'फिल्टर' किंवा 'मॅप' लावणाऱ्यांना झुस्टँडची पाचवी आवृत्ती (2024) सरळ 'मॅक्झिमम अपडेट डेप्थ एक्सीडेड' ही एरर दाखवते. दर वेळी नवा ॲरे परत येतो, रिॲक्टला वाटतं स्टेट बदलली, आणि चक्र थांबत नाही. 'फिल्टर'ला झुस्टँडचं 'यूजशॅलो' गुंडाळलं की काम होतं, कारण ते पहिल्या पातळीवरचे घटक ताडून पाहतं. 'मॅप'मधून नवे ऑब्जेक्ट बनत असतील तर तेही हात टेकतं. अशा वेळी मूळ यादीच घ्या आणि हिशेब कंपोनंटमध्ये 'यूजमेमो'त (आधीचा निकाल लक्षात ठेवणाऱ्या रिॲक्टच्या हुकमध्ये) करा.

स्टोअर बदलणारं 'सेट' फक्त वरची पातळी जोडतं. दरांच्या ऑब्जेक्टमध्ये लाल आणि उन्हाळ दोन्ही असतील आणि तुम्ही एकटा उन्हाळ पाठवलात, तर लाल गायब. जुना ऑब्जेक्ट पसरून द्या, नाहीतर 'इमर' मिडलवेअर (स्टोअरला जोडायची पूरक सोय) वापरा (मूळ इमर पॅकेज वेगळं टाकावं लागतं).

नेट गेलं तरी शेवटचे दर दिसावेत यासाठी स्टेट ब्राउझरमध्ये साठवणारं 'पर्सिस्ट' मिडलवेअर उत्तम. मात्र सगळं जेसन या मजकूर-स्वरूपातून जातं: लिलावाची तारीख परत येते ती स्ट्रिंग होऊन, जावास्क्रिप्टचा 'मॅप' ऑब्जेक्ट (वरचं 'मॅप' फंक्शन नव्हे) तर रिकामाच. 'पार्शलाइझ'ने मोजकंच साठवा. 'लोड होत आहे'सारखे झेंडे लोकल स्टोरेजमध्ये कशाला? रचना बदलली की 'व्हर्जन' वाढवून जुनी माहिती नव्या रचनेत आणणारं 'मायग्रेट' लिहा. नुसतं व्हर्जन वाढवलंत तर जुनी माहिती वापरलीच जात नाही.

नेक्स्ट या रिॲक्ट फ्रेमवर्कमध्ये सर्व्हर रेंडरिंग असेल तर ग्लोबल स्टोअर ठेवू नका, एका अडत्याची माहिती दुसऱ्याच्या पानावर उमटू शकते. तिथे प्रत्येक रिक्वेस्टला नवं स्टोअर करून रिॲक्टच्या कॉन्टेक्स्टमधून खालच्या कंपोनंटना द्यावं लागतं. म्हणजे टाळलेला प्रोव्हायडर मागल्या दाराने परत येतो. एका फॉर्मपुरत्या स्टेटला मात्र 'यूजस्टेट'च बरं.