डासाची गुणसूत्रं पाहायची, तर कुठलं रंजन (रंग देण्याची पद्धत) निवडायचं?

आधी डास कुठला ते बघा, रंगाचं नंतर. बहुतेक डासांत गुणसूत्रांच्या तीनच जोड्या असतात, म्हणून काम सोपं वाटतं. पण ॲनॉफिलिसमध्ये (मलेरिया पसरवणाऱ्या डासांचं कुळ) जे सहज दिसतं ते एडिसमध्ये (डेंग्यूच्या डासांचं कुळ) दिसेलच असं नाही, आणि नवखी मंडळी इथेच महिनेच्या महिने घालवतात.

ॲनॉफिलिस हाताशी असेल तर मी डोळे मिटून पॉलिटीन, म्हणजे अनेक प्रतींची जाडजूड, गुणसूत्रं सुचवेन. चौथ्या अवस्थेतल्या अळीच्या लाळग्रंथीत किंवा मादीच्या अंडाशयातल्या पोषक पेशींत डीएनएच्या असंख्य प्रती एकमेकींना चिकटून जाड दोर होतो. त्यावरचे आडवे पट्टे मुळातलेच. लॅक्टो-ॲसिटो-ऑर्सिन हा रंग ते फक्त उठावदार करतो. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक असेल तर रंगाशिवायही भागतं. खरी कसोटी मादी निवडण्यात. तिचं पोट निम्मं रक्तानं काळपट आणि निम्मं अंड्यांनी पांढरट दिसतं, तीच वेळ. आधी उघडलीत तर पट्टे धूसर, उशीर झाला तर पोषक पेशी विरायला लागलेल्या. अंडाशय कार्नॉय द्रावणात (पेशी आहेत तशा टिकवणारं अल्कोहोल-ॲसेटिक आम्लाचं मिश्रण) ठेवायचे, मग 50 टक्के प्रोपियॉनिक आम्लात फुगवायचे आणि कव्हरस्लिपवर सुईच्या मागच्या टोकानं हलके टोले द्यायचे. जोर जास्त झाला की गुणसूत्रांच्या भुजा तुटतात, कमी पडला तर गुंता सुटत नाही. हात बसायला बऱ्याच स्लाइड वाया जातात, आणि त्या जाऊ द्याव्यात.

कारण या कष्टाचं चीज होतं. गुणसूत्राचा उलटा बसलेला तुकडा, म्हणजे व्युत्क्रम, पट्ट्यांच्या क्रमावरून थेट वाचता येतो. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या गॅम्बी आणि अरेबिएन्सिस या ॲनॉफिलिसच्या प्रजाती एक्स गुणसूत्रावरच्या व्युत्क्रमांनी वेगळ्या ओळखता येतात.

पण ॲनॉफिलिसच्याच क्युलिसिफेसीस गटातल्या बी आणि ई प्रजातींचे पॉलिटीन पट्टे सारखेच असतात. फरक आहे वाय गुणसूत्राच्या आकारात, आणि तो दिसतो नर अळीच्या मेंदूतल्या मेटाफेजमध्ये, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्रं आखडून सुटी दिसतात त्या टप्प्यात. विभाजन त्या टप्प्यावर थांबवणारं कोल्चिसिन आणि साधा गिम्सा रंग एवढ्यावर काम होतं.

मेटाफेजवर हेटरोक्रोमॅटिन (गुणसूत्राचा घट्ट गुंडाळलेला भाग) किती नि कुठे आहे ते हवं असेल तर सी-पट्टरंजन: बेरियम हायड्रॉक्साइड, गरम सलाइन-सायट्रेट द्रावण, मग गिम्सा. बेरियमचा वेळ मात्र घड्याळ लावून पाळा. जास्त झाला तर गुणसूत्रं पोकळ सावल्यांसारखी दिसतात. क्विनाक्रिन किंवा होएक्स्ट या चमकणाऱ्या रंगांची चमक पटकन मिळते आणि लिंग-गुणसूत्रांवर छान बोलते; गॅम्बी गटासाठी ती 1977 मध्येच वापरली गेली. पण चमक विझते, म्हणून फोटो लगेच काढा. जी-पट्टरंजनाच्या (गिम्सानं आडवे पट्टे उमटवण्याची पद्धत) नादी लागू नका. माणसाच्या गुणसूत्रांवर ते जेवढं सुरेख उमटतं, तेवढं कीटकांत भरवशाचं नाही.

एडिस किंवा क्युलेक्ससाठी पॉलिटीनवर जीव काढू नका, चांगली स्लाइड क्वचितच मिळते. अळीच्या इमॅजिनल डिस्कमधली (प्रौढ अवयव घडवणाऱ्या पेशींचा पुंजका) मेटाफेज गुणसूत्रं घ्या आणि फिश करा, म्हणजे चमकणाऱ्या डीएनए-तुकड्यानं हवी ती जागा शोधा. चांदीचं रंजन फक्त सक्रिय केंद्रकी-संघटक (गुणसूत्रावरची रायबोसोमचे आरएनए बनवणारी जागा) दाखवतं. फिशमध्ये आरडीएनएची (त्या आरएनएच्या जनुकांची) जागा संघटक झोपलेला असला तरी दिसते.

आणि कुठलीही पद्धत निवडा, अंडाशय काढल्यावर उरलेला डास टाकू नका. त्याच क्रमांकानं नळीत सुकवून ठेवा. गॅम्बी आणि 2013 मध्ये वेगळं नाव मिळालेली कोलुझी यांच्यात पट्टे निकाल देत नाहीत, तिथे पीसीआरला (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून तपासणारी चाचणी) त्याच डासाचा डीएनए लागतो.