रायझन 5600जी, ग्राफिक्स कार्ड नाही: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते. रायझन 5 5600जी हा प्रोसेसर वेगळं ग्राफिक्स कार्ड न लावताही घरच्या गेमिंगला पुरतो, पण त्याला रॅम नीट मिळाली तरच. आमच्याकडे सुरुवातीला ती मिळत नव्हती, आणि त्या काळात धाकटा भाऊ पीसी विकायच्या गोष्टी करत होता. कमी बजेटमध्ये जोडलेल्या पीसीवर तुमचे गेम अडखळत असतील आणि भेटेल तो "कार्ड टाक" एवढंच सांगत असेल, तर पैसे काढायच्या आधी हे वाचा.

पार्ट इंदूरला सिल्व्हर मॉलमधून घेतले आणि रामबागेत घरीच जोडणी केली. ए520 चिपसेटचा दोन रॅम स्लॉटवाला मदरबोर्ड, 16 जीबी डीडीआर4 रॅम, 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, 450 वॉटचा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा), समोर काच असलेलं कॅबिनेट आणि 75 हर्ट्झचा 1080पी मॉनिटर. कूलर प्रोसेसरच्या डब्यातलाच. दिवसा मी त्यावर व्हिडिओ एडिटिंग करते, संध्याकाळनंतर तो भावाच्या ताब्यात. एडिटिंगसाठी सहा कोअर, बारा थ्रेड भरपूर आहेत, त्याबद्दल पहिल्या दिवसापासून तक्रार नाही.

तक्रार होती ती गेमची. जीटीए 5 ला 1080पी वर नॉर्मल सेटिंग ठेवूनही सेकंदाला चाळीसच्या आसपास फ्रेम (म्हणजे चित्रं; यालाच एफपीएस म्हणतात) मिळायच्या, आणि शहरातल्या गर्दीत गाडी वेगात वळवली की आकडा तिशीखाली यायचा. व्हॅलोरंटमध्ये सरासरी दिसायला चांगली, पण नेमका शत्रू समोर आला की चित्र क्षणभर थबकायचं. सरासरी एफपीएस पाहून समाधान मानू नका, असं मी ठामपणे म्हणेन. खेळणाऱ्याला त्रास होतो तो मध्येच पडणाऱ्या खड्ड्यांचा, आणि ते सरासरीत दिसत नाहीत.

भावाच्या मित्रांचा एकच सल्ला: "भिया, कार्ड लगा ले." मी मात्र आधी मोजायचं ठरवलं. पहिली चाचणी फुकटची होती. गेमचं रिझोल्यूशन 1080पी वरून 900पी आणि मग 720पी करून पाहिलं. त्याने मुख्यतः ग्राफिक्सचं काम हलकं होतं. आकडा वाढला नसता तर प्रोसेसरच्या कोअर कमी पडताहेत असं समजलं असतं. पण तो प्रत्येक पायरीला चांगलाच वाढत गेला. म्हणजे अडचण ग्राफिक्सच्या बाजूला होती. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं. तिथे दोन ओळी होत्या: वेग 2666, आणि वापरलेले स्लॉट दोनपैकी एक. सगळं दुखणं त्या दोन ओळींत होतं.

दुकानदाराच्या तयार कॉम्बोमध्ये 16 जीबीची एकच पट्टी होती. "दीदी, एक ही लगवा लो, आगे दूसरी डाल लेना," असं तो म्हणाला होता. वेगळं कार्ड असलेल्या पीसीत या सल्ल्याने फार बिघडत नाही, कारण कार्डावर स्वतःची मेमरी असते. 5600जी मधल्या वेगा ग्राफिक्सच्या सात युनिटना स्वतःची मेमरीच नाही. गेममधलं प्रत्येक टेक्स्चर, प्रत्येक फ्रेम मदरबोर्डवरच्या रॅममधूनच येते, आणि प्रोसेसरच्या कोअरही त्याच रॅमवर जगतात. स्वयंपाक तयार आहे, पंगत बसली आहे, पण वाढायला एकच माणूस, अशी अवस्था.

हिशेब सरळ आहे. डीडीआर4 ची एक पट्टी 64 बिटच्या एका चॅनलवर चालते. 2666 च्या वेगाने ती सेकंदाला जास्तीत जास्त 21.3 जीबी डेटा देते, 3200 ने 25.6 जीबी. दोन चॅनलमध्ये दोन पट्ट्या 3200 ने चालल्या तर तोच आकडा 51.2 जीबी होतो. आमचा पीसी त्याच्या हक्काच्या निम्म्याहूनही कमी बँडविड्थवर (सेकंदाला मिळणाऱ्या डेटावर) चालला होता, आणि दोष मात्र प्रोसेसरच्या माथी मारला जात होता. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण किती घरांत अशा मशीनला "बेकार" ठरवून कार्डावर पैसे घातले जात असतील.

त्याच दुकानात ती पट्टी परत देऊन वर थोडे पैसे भरले आणि 8 जीबीच्या एकसारख्या दोन पट्ट्या घेतल्या. घरी येऊन बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू केलं. रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं हे प्रोफाइल. काही मदरबोर्डवर याच सेटिंगला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. हे न केल्यास 3200 लिहिलेल्या बऱ्याच पट्ट्या मुकाट्याने 2133, 2400 किंवा 2666 वर चालत राहतात. ए520 वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता (ठरलेल्या वेगाच्या वर चालवता) येत नाही, पण रॅमचं हे प्रोफाइल चालतं.

फरक मोजायचीही गरज वाटली नाही इतका स्पष्ट होता. जीटीए 5 त्याच सेटिंगवर साठीच्या वर गेला, आणि गर्दीतही पन्नासच्या खाली क्वचितच येतो. व्हॅलोरंटमधलं थबकणं जवळजवळ संपलं. बायॉसमध्ये ग्राफिक्ससाठी 2 जीबी राखून ठेवले आहेत. त्याने वेग वाढत नाही, पण काही गेम कमी व्हिडिओ मेमरी पाहून कुरकुर करतात, ती थांबते. एकूण रॅम 8 जीबीच असेल तर मात्र हे करू नका. विंडोज आणि गेमला 6 जीबी उरतील, आणि ती भरली की रॅमचं काम एसएसडीवर ढकललं जाऊन दमछाक सुरू होईल.

थंडीचे महिने उत्तम गेले. मग उन्हाळा आला. मे महिन्याच्या दुपारी प्रोसेसरचं तापमान नव्वदीपार जायचं. या चिपची मर्यादा 95 अंश आहे, तिच्या जवळ गेली की ती आपला वेग उतरवते. पण रात्री उशिरा तोच गेम पुन्हा सुरळीत चालायचा. शब-ए-मालव्याची, म्हणजे आमच्या माळव्यातल्या गार रात्रींची, ख्याती उगाच नाही. खोलीतली हवा जितकी गार, साधारण तितकंच चिपचं तापमान उतरतं. दिवस-रात्रीच्या या फरकानेच कारण दाखवून दिलं. कॅबिनेटची बाजूची झडप काढून खेळून पाहिलं, तर तापमान लगेच दहाएक अंशांनी उतरलं. म्हणजे कूलर ठीक होता, त्याला ताजी हवाच मिळत नव्हती. समोरची सबंध काच दिसायला देखणी, पण हवा घ्यायला जागा नाही. ती काढून जाळीचं पॅनल बसवलं आणि दोन 120 मिमी पंखे आत हवा घेतील असे लावले. जाळीमागची धूळ नियमित साफ करावी लागते, रस्त्याची कामं चालू असलेल्या भागात जास्तच.

बारीक गोष्टी: एचडीएमआय जोडल्यावर विंडोजने मॉनिटर 60 हर्ट्झवरच ठेवला होता, डिस्प्ले सेटिंगमध्ये 75 निवडावं लागलं. जड गेम आम्ही 1600×900 वर चालवतो. 1080पी च्या तुलनेत पिक्सेल तिसेक टक्क्यांनी कमी होतात आणि आमच्या छोट्या पडद्यावर भावाला चित्रात फार उणं वाटत नाही.

नवे, अवजड गेम यावर चालणार नाहीत, हेही सांगायला हवं. तिथे कार्डच लागेल. पण कार्ड ज्या रस्त्याने प्रोसेसरशी जोडलं जातं त्या पीसीआयईच्या बाबतीत 5600जी जुन्या 3.0 पिढीपुरताच आहे, आणि बजेटमधली आरएक्स 6400 व 6500 एक्सटी ही कार्डं या रस्त्याच्या चारच लेन वापरतात. ती पुढच्या 4.0 पिढीसाठी बनली आहेत. 3.0 वर त्यांचा रस्ता निम्मा होतो, आणि 4 जीबी मेमरी भरली की ते जाणवतं. आरएक्स 6600 ला आठ लेन आणि 8 जीबी मेमरी आहे. बाबांनी पुढच्या दिवाळीला हो म्हटलं तर आम्ही त्याच वर्गातलं कार्ड घेऊ, आणि घेण्याआधी एसएमपीएसवर पीसीआयईची 8 पिनची केबल आहे ना, हे कॅबिनेट उघडून बघू.