अडीच लाख घेऊन मोकळं व्हायचं, की क्लेम लढायचा?

भुसावळ-जळगाव महामार्गावर ट्रकने उडवलं, मांडीचं हाड मोडलं. माणूस अजून खाटेवरच असतो आणि कोणीतरी सांगतं, ‘अडीच लाख मिळताय, सही करून टाका.’ त्या सहीआधी एवढं वाचाच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. गंभीर दुखापतीला ठरलेले 2.5 लाख, मृत्यूला 5 लाख. हाड मोडणं हे गंभीर दुखापतीतच येतं. कलम 166 मध्ये समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, तारखा पडतात, पण रकमेला मर्यादा नाही आणि व्याजही मिळू शकतं.

आता खरी मेख. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कलम 149 च्या पद्धतीने, म्हणजे विमा कंपनीने तडजोडीत देऊ केलेली 164 ची रक्कम स्वीकारली, की 166 चा दावा संपतो. ‘आधी हे घेऊ, बाकीचं नंतर बघू’ असं चालत नाही. उलट कंपनीने देऊ केलेली रक्कम नाकारली, तर दावा पुढे चालतोच.

रावेरकडचा केळीचे घड वाहणारा मजूर धरा. वय 34, महिन्याला 12,000. वर्षाचे 1,44,000, त्यात भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 2,01,600. कमावण्याची ताकद 30 टक्के गेली, तर वर्षाला 60,480 चं नुकसान. या वयाला गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) 16, म्हणजे 9,67,680. दवाखान्याचा खर्च आणि वेदनांची भरपाई वेगळी. अशा माणसाने अडीच लाखांवर सही केलेली पाहिली की जीव तुटतो.

तरीही 164 कधीकधी बरं. चूक बरीचशी आपलीच असेल, तर 166 मध्ये आपल्या वाट्याएवढी रक्कम कापली जाते. साक्षीदार नाही, हाड नीट जुळलं, कामावर परतलात, तर मी तरी लढा म्हणणार नाही.

गाडी पळून गेली आणि नंबरच नाही, तर वाट तिसरी: तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज. गंभीर दुखापतीला 50,000, मृत्यूला 2 लाख.

166 चा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा. अपघात सुरतेत झाला आणि राहता चोपड्याला, तरी दावा जळगाव जिल्ह्यात करता येतो. सुरतेच्या खेपा नकोत.

166 ला जायचं ठरलं, तर एफआयआर, पंचनामा आणि बिलांइतकाच अपंगत्वाचा दाखला मोलाचा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलंय, की शरीराचं अपंगत्व किती यापेक्षा त्यामुळे कमाई किती गेली, हे बघायचं. पाय आखडला तर दुकानदार गल्ल्यावर बसू शकतो. घड वाहणारा काय करील? म्हणून दाखला घेताना डॉक्टरांना आपलं काम नीट सांगा: किती ओझं उचलायचो, किती वेळ उभं राहायचो, आता काय जमत नाही.